एकनाथ सगळ्यांनाच व्हायचंय

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ वाचून खाली ठेवली की वाशीम जिल्ह्यातला वाचक बहुधा दोनपैकी एक वाक्य बोलतो. शेतीशी अजून नातं असलेला म्हणतो, ‘हे तं आमचंच हाये.’ शहरात स्थिरावलेला, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा म्हणतो, ‘पुस्तक चांगलंय, पण फार निराश करतं. शेवटी काहीतरी मार्ग दाखवायला हवा होता.’ दोन्ही वाक्यं मनापासून आलेली असतात. तरीही दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत, आणि त्यांच्या अपुरेपणातच ही कादंबरी आपल्याकडे नीट वाचली न जाण्याचं कारण दडलेलं आहे, असं मला वाटतं.

‘बारोमास’ २००२ साली आली आणि २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखक बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. आपल्या रिसोड तालुक्याची शीव ओलांडली की मेहकर, लोणार लागतं. माती तीच, बोलीही जवळपास तीच. एम.ए., बी.एड. झालेला एकनाथ, डोनेशनचे पैसे नाहीत म्हणून हुकलेली मास्तरकी, शेतीत पिचून शेवटी गुप्तधनाच्या नादी लागलेला बाप सुभानराव, झटपट पैशाची वाट शोधणारा धाकटा मधू, शहरातून सासरी आलेली आणि या घरात न रुजलेली अलका. या माणसांना वाशीमच्या वाचकाशी ओळख करून द्यावी लागत नाही. ती त्याच्या भावकीतली असतात.

आधी पहिल्या वाक्याचं पाहू. ‘हे आमचंच’ म्हणणाऱ्याला पुस्तक कळलं नाही, असं म्हणण्याची छाती कोणाची होईल? पण या ओळखीत एक अडचण आहे, आणि ती आपल्या जुन्या काव्यशास्त्राने फार पूर्वीच हेरलेली आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. काव्यपुरुषाने साहित्यविद्येशी गांधर्वविवाह केला तो याच वत्सगुल्मात, अशी कथा राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त दिली आहे. इथल्या सर्वसेन राजाने प्राकृतात ‘हरिविजय’ रचलं आणि आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त त्याची दखल घेतली. दुसऱ्याचं दुःख वाचताना आपल्याला गोडी का लागते, हा प्रश्न या परंपरेने शतकानुशतकं चघळला. भट्टनायकाचं उत्तर साधारणीकरण हे होतं: काव्यातलं दुःख ना माझं राहतं ना त्याचं, ते व्यक्तीपासून सुटतं आणि म्हणून आस्वाद्य होतं. अभिनवगुप्ताने पुढे रसाच्या आड येणारी सात विघ्नं मोजली. त्यातलं एक आहे निजसुखादिविवशीभाव, म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात इतका गुंतलेला असणं की समोरच्या काव्याला त्याच्या मनात जागाच उरत नाही.

सोसायटीचं कर्ज थकलेला माणूस ‘बारोमास’ वाचतो तेव्हा हे विघ्न पहिल्या पानापासूनच उभं राहतं. पीककर्जाचं नवं-जुनं कसं होतं, सोयाबीन घरात येताच भाव कसा पडतो, हे त्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको. त्याला रस मिळत नाही. त्याला आठवण येते, चीड येते, कधी पुस्तक अर्ध्यावर मिटावंसं वाटतं. जुन्या शास्त्राच्या कसोटीवर हा अपुरा रसिक ठरेल. माझं म्हणणं उलट आहे. अशा कादंबरीपुरतं तरी हे विघ्नच वाचनाची खरी सुरुवात आहे. तिथून पुढे जायला मात्र हवं, आणि बहुतेक वाचक तिथेच थांबतात. कारण ‘आमचंच’ म्हणताना आपण त्या गावातल्या नेमक्या कोणत्या माणसात स्वतःला पाहिलं, हे कोणी सांगत नाही. न सांगताच ठरलेलं असतं की आपण एकनाथ.

वाशीममधल्या एका घरगुती वाचन-बैठकीत मी हे जवळून पाहिलं. दहा-पंधरा माणसं होती. निवृत्त मुख्याध्यापक, कृषी सेवा केंद्र चालवणारे एक काका, विनाअनुदानित शाळेत शिकवणारा एक तरुण, दोन-तीन गृहिणी, भरतीची तयारी करणारी मुलं. मुख्याध्यापकांनी अपेक्षेप्रमाणे आशावादाचा मुद्दा मांडला. मग काका म्हणाले, ‘सर, चुकलं एकनाथाचंच. पैसे कुठूनबी उभे करायचे आन भरून टाकायचे. एकदा चिकटला असता तं पाच-सात वर्सात फिटले असते.’ यावर कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही. हिशेब म्हणून ते बरोबर होतं, आणि त्या खोलीतल्या बऱ्याच घरांनी तो कधी ना कधी मांडून पाहिलेला होता. तो शिक्षक मुलगा खाली मान घालून म्हणाला, ‘काका, म्या भरले. फिटाचं सोडा, पगारच सुरू नाही झाला अजून.’ कोणीतरी विचारलं, मग परत का मागत नाहीस? त्याचं उत्तर मी विसरू शकत नाही. ‘कोनाले मागू? ज्याईले देल्ले ते माह्या मामाचे सोयरे हायेत.’

या एका उत्तरात शोषणाची जी रचना उघडी पडते, ती आपल्या व्यासपीठांवरच्या भाषणांत सापडत नाही. भाषणात शोषक नेहमी लांबचा असतो: सरकार, व्यापारी, जागतिकीकरण. ते सगळे आहेतच, आणि त्यांचा वाटा कमी नाही. पण शेतकऱ्याच्या मुलाकडून नोकरीसाठी पैसे घेणारा संस्थाचालकही अनेकदा दुसऱ्या शेतकऱ्याचाच मुलगा असतो. मध्यस्थी करणारा नात्यातला असतो. पैसे उभे करायला जे वावर विकलं जातं ते विकत घेणाराही त्याच गावचा, बहुधा नोकरीवालाच असतो. आणि लागलेला मुलगा पुढे ज्या हुंड्यात आपला खर्च भरून काढतो, तो देणारा बाप तिसऱ्या गावचा शेतकरी असतो. पैसा याच वर्तुळात फिरतो आणि प्रत्येक फेरीत कोणाचं तरी वावर घेऊन जातो. एकनाथची महत्त्वाकांक्षा आणि एकनाथचं शोषण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. चांगलं जगण्याची इच्छा ज्या दाराने घरात येते, त्याच दाराने लुबाडणारा येतो, आणि त्याला आपण पाहुणा म्हणून बसायला देतो.

यात सरकारी धोरणाचा हात किती आहे, हेही स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष माणसांच्या स्वभावावर जाईल. राज्यात ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळांना परवानग्या दिल्या गेल्या. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ शब्द काढला गेला आणि उद्या अनुदान मिळेल या आशेवर तरुणांनी वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवलं. वीस टक्के अनुदानाचा टप्पा यायला २०१६ उजाडलं. मध्ये मे २०१२ मध्ये भरतीच थांबवण्यात आली. २०१३ पासून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, २०१७ मध्ये शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आलं, पण खासगी संस्थांसाठी मुलाखतीचा पर्यायही ठेवला गेला. या काळात डी.एड., बी.एड.ची महाविद्यालयं मात्र भरभरून पदव्या देत राहिली. जागा कमी आणि पदव्या अमाप, ही स्थिती ज्यांनी निर्माण केली त्यांनी डोनेशनचा बाजार निर्माण केला. ‘बारोमास’ आली तेव्हा यातलं बरंचसं घडायचं होतं. तरी आज ती वाचणाऱ्या मुलाला आपलीच फाइल कोणीतरी उघडून वाचतंय असं वाटतं, ते यामुळे.

मग वाचक एकनाथपाशीच का थांबतो? कारण बळी होण्यात दुःख असतं, पण जबाबदारी नसते. आपल्याला जे टोचतं तेवढंच पुस्तकातून उचलायचं, ही वाचकाची फार जुनी सवय आहे. अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ १९०६ मध्ये पुस्तकरूपाने आली. शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांचं आयुष्य कसं चिरडलं जातं, हे त्याला सांगायचं होतं. नायक युर्गिसला कष्टाच्या जोरावर वर यायचं असतं आणि तीच जिद्द त्याला पुरती पिळून घेते. अमेरिकन वाचक हादरला, पण आपल्या ताटातल्या मांसाच्या घाणीने. त्याच वर्षी जूनमध्ये मांस-तपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. मजूर होता तिथेच राहिला. लेखकाने काळजावर नेम धरला होता आणि घाव पोटावर बसला, अशी खंत सिंक्लेअरने पुढे बोलून दाखवली. आपल्याकडे ‘बारोमास’चं काहीसं असंच झालं. वाचकाने त्यातलं दुःख घेतलं आणि त्यातला व्यवहार तसाच ठेवला.

आता दुसरं वाक्य, ‘फार निराश करतं.’ या आक्षेपाला मी हलकं समजत नाही. समजूही नये. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, ते शेतकरी आत्महत्यांमुळे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा यांच्यासोबत त्यात वाशीमही होतं. ज्या जिल्ह्यात आत्महत्या हा शब्द सरकारी फॉर्मवरचा रकाना झाला, तिथल्या पोराच्या हातात इतकं काळं पुस्तक द्यावं का, असं एखाद्या शिक्षिकेने विचारलं तर तिला पळपुटी म्हणता येणार नाही. तिच्या वर्गात असा एखादा मुलगा बसलेला असतो ज्याच्या घरात तो प्रसंग घडून गेलेला आहे.

तरीही मी पुस्तक देण्याच्या बाजूचा आहे. ज्या घरात मास्तरकी हुकते, कर्ज फिटत नाही, लग्न जमत नाही, तिथला मुलगा आधी स्वतःलाच दोष देतो. मी हुशार नव्हतो, मी वेळेवर फॉर्म भरला नाही, माझं नशीबच फुटकं. माणूस आतून खचतो तो या एकट्याने वाहिलेल्या दोषामुळे. ‘बारोमास’ हा दोष त्याच्या डोक्यावरून उतरवून चौकात ठेवते, सगळ्यांना दिसेल असा. हे काम आशादायक शेवटाने होत नाही. उलट शेवटच्या पानावर ठिबक सिंचन आलं, एकनाथने डाळिंब लावलं आणि घर सुखी झालं, असं लिहिलं असतं, तर वाचणाऱ्या मुलाला पुन्हा वाटलं असतं की मार्ग होता, मलाच तो सापडला नाही. खोटी आशा शेवटी एकट्या माणसाच्याच माथी दोष मारते. म्हणून मला वाटतं, अंधारी कादंबरी एकट्याने वाचू नये आणि वाचून एकट्याला बसू देऊ नये. तिच्यावर बोलायला माणसं हवीत. त्या शिक्षिकेला माझं सांगणं एवढंच, की पुस्तक कपाटात ठेवू नका, वर्गात आणा, आणि मुलांसोबत बसा.

शेतकऱ्याचं असं चित्र पाहून वाचक बिथरतात, हे काही आपलंच वैशिष्ट्य नाही. १८८७ मध्ये एमिल झोलाच्या ‘ला तेर’मध्ये जमिनीच्या हव्यासाने एकमेकांच्या जिवावर उठणारे शेतकरी दिसले, तेव्हा पाच तरुण लेखकांनी ‘ल फिगारो’त जाहीरनामा काढून गुरूशी नातं तोडलं. आपल्याकडे १९६५ मध्ये भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’वर अत्र्यांनी झोड उठवली. त्या वाचकांची निदान कादंबरीशी झटापट झाली. आपण आता झटापटही करत नाही. पुरस्कार मिळाला की सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो, ‘वास्तवदर्शी’ असं प्रमाणपत्र देतो आणि विषय मिटवतो. आपल्याच मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैनचे नामदेव कांबळे वाशीमच्या शाळेत नोकरी करत लिहिते राहिले. १९९५ मध्ये ‘राघववेळ’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जिल्ह्याला त्यांचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण एका दलित कुटुंबाच्या हालअपेष्टांची ही कादंबरी वाचून कोणत्या गावाने आपल्या गावकुसाबद्दल चर्चा केली? फोटोला हार घालणं आणि पुस्तकाशी भांडणं यांत दुसरं काम अवघड आहे, आणि लेखकाला खरा मान त्यातच मिळतो.

वऱ्हाडातली काळी कादंबरी ही काही नवी गोष्ट नाही. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची. तिच्यातल्या कौतिकची महत्त्वाकांक्षा केवढी, तर मुलगा नामा शिकावा. नवरा महादेव आधी बेफिकीर, मग महारोगाने ग्रासलेला; थोरला भीमा हाताबाहेर. कौतिक राबराब राबते आणि शेवटी तिच्यापाशी भानही उरत नाही. ‘धग’ वाचणाऱ्या जुन्या पिढीला मी विचारत आलो आहे की तुम्हाला ती निराशाजनक वाटली का. बहुतेक जण म्हणतात, नाही, कौतिक आठवते. हा फरक मला विचार करण्यासारखा वाटतो. कौतिक ज्या व्यवस्थेशी लढते तिच्यात वाचकाचा हात नाही, निदान त्याला तसं वाटत नाही. गरिबी होती, रोग होता, काळ तसा होता. ‘बारोमास’ वाचताना तशी सोय राहत नाही. डोनेशन घेणारा माणूस जिवंत आहे, आपल्या गल्लीत राहतो, आपल्या मुलीच्या लग्नात आहेर घेऊन येतो. म्हणून ‘धग’ने रडू येतं आणि ‘बारोमास’ने निराश वाटतं. त्या निराशेत अस्वस्थ झालेल्या सदसद्विवेकाचा बराच भाग असतो, आणि वाचक त्याची तक्रार लेखकाकडे नेतो.

२०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली. महाराष्ट्रातले चार जिल्हे तिच्यात आले: नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव आणि वाशीम. आरोग्य-पोषण, शिक्षण, शेती-जलसंपदा, वित्तीय समावेशन-कौशल्यविकास आणि पायाभूत सुविधा अशा कसोट्यांवर प्रगती मोजली जाते. मोजावीच. पण इथल्या तरुणाची आकांक्षा कोणत्या भावाने विकली जाते, हे मोजणारा एकही निर्देशांक त्यात नाही. त्यासाठी कादंबरीच लागते. आज एकनाथचा धाकटा भाऊबंद बी.एड.च्या मागे लागत नाही. तो पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी धावतो, किंवा पुण्यात कॉट बेसिसवर राहून अभ्यासिकेत बसतो. घरून दर महिन्याला मेसचे आणि क्लासचे पैसे जातात, ते तुरीच्या पट्टीतून. जाहिरात निघत नाही, निघाली तर निकाल अडकतो, निकाल लागला तर नियुक्ती अडकते. तिशी उलटते. समृद्धी महामार्ग कारंजा, मालेगाव तालुक्यांतून गेला, काहींच्या हाती मोबदल्याचे पैसे आले, आणि त्या पैशांना वाटा फुटल्या त्याही याच बाजाराकडे. या सगळ्यावर नवी कादंबरी यायला हवी. येईल तेव्हा तीही काळीच असेल, आणि तेव्हाही आपण तिच्याकडे मार्ग मागू, अशी मला काळजी वाटते.

मला त्याहून जास्त हवी आहे ती पैसे घेणाऱ्याची कादंबरी. रंगनाथ पठाऱ्यांच्या ‘ताम्रपट’मध्ये सहकार आणि शिक्षणसंस्थांच्या राजकारणात मुरलेली माणसं आतून दिसतात, पण तो मुलूख तेव्हाच्या अहमदनगरचा. आपल्याकडचा संस्थाचालक अजून दुसऱ्याच्या कथेत दोन पानांपुरता येतो आणि खलनायकाचा शिक्का घेऊन जातो. तोही कधीकाळी अनवाणी शाळेत गेलेला असेल. संस्था काढताना त्याला गावचं भलंच करायचं असेल. पहिलं पाकीट घेताना इमारतीच्या पत्र्यांचं कारण त्याने स्वतःला दिलं असेल. तो माणूस कादंबरीच्या मध्यभागी येईल तेव्हा वाचकाला ‘आमचंच’ हा शब्द इतक्या सहज उच्चारता येणार नाही.

त्या बैठकीत सर्वांत शेवटी एक बाई बोलल्या. तोवर सगळी चर्चा एकनाथ आणि सुभानराव यांच्याभोवतीच फिरत होती, आणि अलकाचं नाव निघालं तेव्हा एका तरुणाने ‘तिले जमवून घ्याले काय झालं होतं’ असं म्हणून ते बाजूला सारलं होतं. बाई म्हणाल्या, ‘अलका माहेरी गेली तं समदे तिले नावं ठेवतात. तिच्या बापानं नोकरी लागंन म्हनूनच पोरगी देल्ली असंन ना? तिचं काय ठरलं होतं ते तिले कोनी इचारलं काय?’ मुख्याध्यापक काही बोलले नाहीत. कृषी केंद्रवाले काका म्हणाले, ‘हे खरं हाये, ताई.’ आणि मग त्यांनी स्वतःहून सांगितलं की धाकट्या लेकीसाठी तेही नोकरीवालाच पाहत आहेत, शेती कितीही असली तरी चालत नाही, शिपाई असला तरी चालेल. त्यांनी हे लपवलं नाही, लाजही बाळगली नाही. पण तासाभरापूर्वी एकनाथने पैसे भरायला हवे होते असं म्हणणारा माणूस आता ते पैसे भरावे का लागतात, याच्या कारणांपैकी एक होऊन बोलत होता, आणि हे त्यांच्या लक्षात आलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ‘बारोमास’वरची इतकी नेमकी प्रतिक्रिया मी कुठल्याही परीक्षणात वाचलेली नाही.